डाव्या गालाचा फोटो

भिगवण,
रविवार, ८ ऑगस्ट १९९९

ती. दादास,

म्हाळसाचा नमस्कार. वहिनीलाही नमस्कार सांग, स्वप्नालीला आशीर्वाद. इकडं सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे, पण इकडं सगळे म्हणजे मी एकटीच, तेव्हा मी खुशाल आहे.

तुझं जाड पाकीट मंगळवारी पोचलं. पोस्टमन म्हणाला, "म्हाळसाबाई, कोर्टाचं हाय का काय?" म्हटलं, आमच्या दादाचं आहे, ते त्याच्यापेक्षा कमी नसतं. आत बघते तर कॅमेऱ्यांची गुळगुळीत रंगीत पानं, एका कॅमेऱ्याभोवती लाल पेनाचा गोल आणि तुझं सव्वा पानाचं पत्र. एरवी तू मला पोस्टकार्डसुद्धा पुरतं भरून लिहीत नाहीस. म्हणून ते मी दोनदा वाचलं.

हे जाऊन सहा वर्षं झाली. दर दिवाळीला तू एकच सांगत आलास, स्टुडिओ विकून टाक, बाईमाणसाचं काम नाही ते, पुण्याला येऊन राहा. दर दिवाळीला मी नाही म्हटलं आणि लाडू खाऊन परत आले. आणि आता एकदम तूच लिहितोस, म्हाळसे, डिजिटल कॅमेरा घे, सोबत कॉम्प्युटर घे, पैशाची काळजी करू नकोस, माझ्याकडून भेट समज. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण दादा, मी फोटोवाली आहे. गिऱ्हाईक समोर कितीही छान हसत बसलं तरी त्याच्या पाठीमागं काय दिसतंय ते मी आधी बघते.

पाठीमागचं मला तुझ्या पत्राच्या शेवटी सापडलं. वरकुट्याच्या महिपतीरावांचा सूरज, साखर कारखान्यात केमिस्ट, मुलगा निर्व्यसनी, घर आपल्यातलंच, आणि त्यांनी स्वप्नालीचा फोटो मागितलाय. "फोटो तूच काढ आणि ह्या नव्या कॅमेऱ्यानं काढ. कॉम्प्युटरवर डावा गाल साफ करणं एका मिनिटाचं काम आहे असं इथला माणूस म्हणाला. रंगीत फोटोला तुझी पेन्सिल चालत नाही, नाहीतर हा खर्च कशाला केला असता." हे तुझं वाक्य मी जसंच्या तसं उतरवून काढलंय, बघ बरोबर आहे का.

पेन्सिलीचं तुझं बरोबर आहे. काळ्यापांढऱ्या निगेटिव्हवर मी सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं डाग भरत असे. वांग, देवीचे व्रण, डोळ्यांखालचं काळं, सगळं. ह्यांनी शिकवलं आणि मी ह्यांच्याही पुढं गेले. इंदापूर तालुक्यात लोक म्हणायचे, भिगवणच्या बाईकडं फोटो काढला की पोरगी उजवलीच म्हणून समजा. मला त्याचा गर्व होता. रंगीत आलं तशी पेन्सिल खोक्यात गेली, कारण रंगीत निगेटिव्हवर ती लावली की भलत्याच रंगाचा ठपका उठतो.

आता कॅमेऱ्याचं. कुठला घ्यायचा असं तू विचारतोस आणि गोलही आधीच करून ठेवतोस, ही तुझी जुनी सवय. तू गोल केलेल्याला पाठीमागं स्क्रीनच नाही. काढलेला फोटो बघायचा तर वायर कॉम्प्युटरला जोडायची. म्हणजे गिऱ्हाईक घरी जाणार, मी कॉम्प्युटरपुढं बसून त्याच्या तोंडाचं काय करायचं ते करणार आणि झाल्यावर त्याला दाखवणार. तिसऱ्या पानावर दुसरा एक आहे, त्याच्या पोटात फ्लॉपी जाते आणि पाठीमागं काडेपेटीएवढी स्क्रीन आहे. बटण दाबलं की फोटो तिथंच, त्याच क्षणी. किंमत म्हणशील तर हा एकटा आणि तुझा कॉम्प्युटरसकट, दोन्ही तेवढ्यालाच. आमच्याकडं लाइट येते कमी आणि जाते जास्त, तेव्हा कॉम्प्युटर बंद पडला की मी काय त्याच्यावर पोळ्या लाटू? फ्लॉपीवाल्याची बॅटरी किती वेळ टिकते ते त्या माणसाला विचार.

स्वप्नालीच्या फोटोचं मला जरा विचार करून लिहावं लागेल. आज नको.

राखी वेगळ्या पाकिटातून पाठवते आहे. बांधून घे, वहिनीकडून गाठ मारून घे, तुझी तू मारलेली सुटते.

तुझी,
म्हाळसा


भिगवण,
रविवार, २९ ऑगस्ट १९९९

ती. दादास,

नमस्कार. राखी पोचल्याचं कळवलंस, बरं वाटलं. बॅटरीचं मात्र विचारलंच नाहीस. उलट लिहिलंस की गोल केलेलाच घ्यायचा, विषय संपला. विषय संपला असता तर मी परत दोन पानं लिहायला बसले नसते.

बुधवारी मी एसटीनं बारामतीला गेले, मोहनरावांच्या दुकानात. मोहनराव म्हणजे आमचे फिल्म, पेपर आणि केमिकलवाले, हे होते तेव्हापासून माल तिथूनच येतो. त्यांच्याकडं दोन्ही कॅमेरे दाखवायला म्हणून आलेत. काचेच्या कपाटात ठेवलेत, अख्खी बारामती येऊन नुसती बघून जाते. मी म्हटलं, दोन्ही बाहेर काढा. त्यांनी तुझाच उचलला.

"बाई, ह्यो घ्या. कॉम्प्युटर संगं येतोय. पोरगी काळी असू दे, गोरी करा. दात म्होरं असू देत, आत ढकला."

"आणि लग्न झाल्यावर?" मी विचारलं.

"लग्न झाल्यावर फोटो काढायला आपल्याकडं कशाला येत्यात त्या?" असं म्हणून ते हसले. दुकानातले आणखी दोघं हसले. मी फ्लॉपीवाला हातात घेतला. विटेसारखा जड आहे, दोन्ही हातांनी धरावा लागतो, आणि फ्लॉपी आत घातली की करकर वाजतो. दादा, मला तो लगेच आवडला. ह्यांच्या ओळखीवर मोहनरावांनी तो मला चार दिवस वापरायला दिला. म्हणाले, पाडू नका. म्हटलं, वीस वर्षांत एक लेन्स पाडलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो घेऊन इथल्या मासळीबाजारात गेले. लीलाबाई तुला आठवत असेल, स्टेशनकडच्या तोंडाला बसते, मागं तू आला होतास तेव्हा तिनं तुला मरळ दिली होती आणि वहिनीनं ती परत करायला लावली होती. तिचा फोटो काढला आणि स्क्रीन तिच्यापुढं धरली. ती बराच वेळ बघत राहिली.

"ही मी न्हाय," म्हणाली. "ही माझी सासू हाय."

"तूच आहेस ती."

"मंग परत काढ."

परत काढला. तोही तिला पटला नाही. तिनं हात धुतले, खवले झटकले, पदर डोक्यावर घेतला, ताठ बसली आणि म्हणाली, "आता काढ." तिसरा बघून म्हणाली, "व्हय. ही मी. ह्योच ऱ्हाऊ दे, बाकीचं दोन मोडून टाक." मी तिच्यासमोर ते दोन्ही काढून टाकले. इतकी वर्षं मी लोकांचे फोटो काढले, त्यांतला कुठला ठेवायचा ते मी ठरवलं, नाहीतर पोरीच्या बापानं ठरवलं. ज्याचं तोंड त्यानं ठरवलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यानंतर बाजारातल्या सगळ्या बाया माझ्याभोवती जमल्या आणि मासे विकायचे राहिले.

ह्याच्यात खोट नाही असं नाही. पोस्टकार्डाएवढा फोटो छान येतो, त्याच्यापुढं मोठा केला की चेहऱ्याचे ठिपके दिसायला लागतात. लग्नाच्या अल्बमाला तो चालायचा नाही, तिथं माझा जुना फिल्मचाच राहील. छापून बारामतीहून आणावं लागेल. हे सगळं मला कळतं. तरी मी हाच घेणार. तू देणार असलास तर हा दे. नसशील तर मी घरावर स्लॅब टाकायला साठवलेत त्यांतून घेते. पत्र्याखाली आणखी दोन उन्हाळे काढले म्हणून मी काही वितळत नाही.

आता स्वप्नालीचं.

मी तिचा फोटो काढीन. आनंदानं काढीन. गाल पुसणार नाही.

तू म्हणतोस, आपण काही लपवत नाही, ती माणसं बघायला येतील तेव्हा गाल दिसणारच आहे. पण फोटोतच डाग दिसला तर ती दारापर्यंत यायचीच नाहीत, आणि एकदा आली की पोरीचं शिक्षण, वागणं, बोलणं बघून डाग विसरतील. तुझं बोलणं वेडेपणाचं नाही, हे मी मान्य करते. ह्याच्यावर मी तीन दिवस डोकं खाजवलं. पण मला सांग, फोटो बघून ती माणसं ज्या पोरीला बघायला येतील ती पोरगी कुठली? तिला कुठून आणून बसवायचं? आणि स्वप्नाली चहाचा ट्रे घेऊन बाहेर येईल तेव्हा त्या चार माणसांच्या तोंडावर काय उमटेल ते तुला नाही दिसलं तरी तिला दिसेल.

लीलाबाईची छकुली तुला माहीत नाही. तिचा वरचा ओठ जन्मतः फाटका होता, लहानपणी शिवला, त्याची रेघ राहिली. तीन वर्षांपूर्वी मी तिचा काळापांढरा फोटो काढला आणि ती रेघ भरून टाकली. इतकी सफाईदार की माझी मलाच सापडेना. मुलगा मिल्ट्रीत, दहा दिवसांची रजा, सगळं फोटोवरच ठरलं. लग्नानंतर सासूनं तो फोटो बैठकीत लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची, "ही ठरवली हुती आन् ही आली." आठ महिन्यांनी पोरगी परत आली. आता आईशेजारी बसून मासे विकते. रोज मला बघून हसते, "काकू, चहा घ्या" म्हणते. ती मला एकदा चार शिव्या घालील तर बरं, असं मला वाटतं.

म्हणून नाही म्हणते. तुला एवढं का लागलंय असं विचारशील तर कारण छकुली आहे असं समज.

रागवायचं असेल तर रागव. पण फोटो काढायला पोरीला पाठव.

तुझी,
म्हाळसा


भिगवण,
रविवार, २६ सप्टेंबर १९९९

दादा,

ह्या वेळी खुशाली विचारत नाही. तू ती सांगणार नाहीस हे तुझ्या मागच्या पत्रावरून कळलं. चार ओळींचं आहे, मला पाठ झालंय. "आईच्या अडाणीपणानं माझ्या पोरीचं तोंड बिघडलं, आता तुझ्या शहाणपणानं तिचं लग्न बिघडू दे. फोटो मी पुण्यात करून घेईन. कॅमेऱ्याचं आणि दुकानाचं तुझं तू बघ." खाली सहीसुद्धा नाही.

कॅमेऱ्याचं मी बघितलं. फ्लॉपीवाला घेतला. स्टुडिओतल्या टेबलावर आहे, त्याच्याच शेजारी बसून लिहिते आहे.

आणि स्वप्नाली येऊन गेली. तू तिला मैत्रिणीकडं गेली आहे असं समजत असशील तर समजू नकोस, गुरुवारी सकाळच्या गाडीनं ती एकटी इथं आली होती. तिच्यावर ओरडू नकोस. एकवीस वर्षांची आहे, बी.कॉम. झाली आहे, तिकीट स्वतःचं स्वतः काढून आली. मला म्हणाली, "आत्या, पप्पांनी माझा फोटो कॉम्प्युटरवर करून आणलाय. छान आहे. मला आवडला. म्हणूनच मला भीती वाटायला लागलीय." तो फोटो तिनं पर्समधून काढून दाखवला. काम चांगलं केलंय, कुणी केलंय त्याला म्हणावं. उजवा गालच उलटा करून डावीकडं चिकटवलाय. पोरगी सुंदर दिसते, फक्त ओळखीची वाटत नाही.

मी तिला खुर्चीवर बसवलं आणि कॅमेरा हातात घेतला. आणि माझ्याच्यानं बटण दाबवेना. ती म्हणाली, "आत्या, काय झालं?" मग मी कॅमेरा खाली ठेवला आणि तिला सांगितलं. तिला आधी सांगितलं, कारण गाल तिचा आहे. आता तुला सांगते. छकुलीचं मी लिहिलं ते खरं आहे, पण ते अर्धं होतं.

स्वप्नालीच्या गालावर बिब्बा आईनं घातला नाही. मी घातला.

ते साल तुला माझ्यापेक्षा जास्त आठवतं. तू पुण्यात कंपनीत नुकताच लागला होतास, खोली मिळेपर्यंत वहिनी आणि पाच महिन्यांची पोरगी आमच्याबरोबर मेंढरांच्या तळावर होत्या, पौडच्या पलीकडं. आबा जाऊन वर्ष झालं होतं. माझं लग्न ठरलं होतं, पंधरा दिवसांवर आलं होतं. त्या दिवशी वहिनी दळण घेऊन गावात गेली होती आणि आई मेंढरांमागं होती. पोरगी माझ्यापाशी. सकाळपासून अंगात ताप होता, दुपारी तिला झटके आले. डोळे पांढरे केले आणि तोंड डावीकडं ओढायला लागलं. आसपास माणूस नाही. मला एकच दिसत होतं, की आई असती तर तिनं बिब्बा घातला असता.

आईला मी दहा वेळा बघितलं होतं. बिब्ब्याला सुई टोचायची, दिव्यावर धरायची, काळं तेल सुटलं की तिळाएवढा ठिपका पोराच्या पोटावर ठेवायचा आणि लगेच भोवती चुना लावायचा. मी सुई टोचली, दिव्यावर धरली. पण तोंड वाकडं होत होतं म्हणून मी पोट सोडून गालावर ठेवला. दादा, मला वाटलं जिथं दुखतंय तिथंच घातला पाहिजे. तिळाएवढा ठिपका पडायचा तिथं सबंध थेंब पडला आणि हनुवटीकडं ओघळला. चुन्याचं मला आठवलंच नाही. रात्रीतून ताप उतरला, झटके आपले आपण थांबले. आणि सकाळी बिब्बा उतला. गालभर फोड आला. पुढचं तू बघितलंस.

तू चौथ्या दिवशी आलास. सगळ्या तळासमोर विचारलंस, "कुणी केलं हे?" आणि आई म्हणाली, "म्या." मी तिथंच होते, तुझ्यापासून चार हातांवर, कोकरू मांडीवर घेऊन. मी खाली बघितलं.

आई मला नंतर म्हणाली, "तुझं लगीन हुईस्तवर गप ऱ्हा. भाचीचं तोंड जाळलं म्हणत्याल आन् लगीन मोडत्याल." लग्न झालं. पहिल्या दिवाळीला आले तेव्हा मी म्हटलं, आता सांगते दादाला. तर म्हणाली, "आता कशाला? त्यो माज्यावर चिडलाय. मी आई हाय, मला सोसतंय. तुझ्यावर चिडला तर तुला म्हायेर ऱ्हायचं न्हाय." आबा नव्हते, म्हणजे माहेर म्हणजे तूच. मी गप्प बसले. बरं वाटलं, हेही लिहून ठेवते. आईनं सांगितलं म्हणून गप्प बसले असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले, पण मला बरंच वाटलं होतं.

तेरा वर्षं तू आईच्या हातचं पाणी प्यायला नाहीस. पोरीला तिच्याजवळ जाऊ दिलं नाहीस. पुण्याला घर घेतलंस तेव्हा वास्तुशांतीला गाव बोलावलास आणि तिला निरोप पाठवलास की प्रवास झेपायचा नाही. ती तशी मेली, आणि आज आठ वर्षं झाली तरी चार ओळी लिहायच्या झाल्या की पहिली ओळ तू तिच्याच अडाणीपणाची लिहितोस. आणि मी? मी दर भाऊबीजेला तुला ओवाळलं, तू साडी दिलीस, मी नेसले. आई गेल्यावर तरी सांगायला काय हरकत होती? भीती, दुसरं काही नाही.

मी डाग पुसायची बाई आहे. हाताला यश आहे. माझ्या अंगावरचा डाग आईनं स्वतःच्या अंगावर घेतला आणि तू म्हणतोस, आता तो पोरीच्या गालावरूनही काढ. तो काढला की मागं काय उरतं? फक्त एवढंच, की आई अडाणी होती. ते मी उरू देणार नाही. तुझ्या भेटीच्या कॉम्प्युटरनं तर नाहीच नाही. तू माझं तोंड बघणार नसशील तर नको बघूस. एकोणचाळीस वर्षांची झाले, स्वतःचं कमावते, माहेर गेलं तर जाऊ दे. आईच्या नावावर गेलेला दोष मला परत पाहिजे.

स्वप्नालीनं ऐकलं. मला वाटलं रडेल, नाहीतर माझ्या गळ्यात पडेल. दोन्ही केलं नाही. म्हणाली, "आजी मला जवळ घ्यायला हात पुढं करायची आणि मी पळायचे. पप्पांनी तसं सांगितलं होतं." आणि मग इतक्या कडक आवाजात म्हणाली, की मला तूच बोलतोयस असं वाटलं, "आत्या, मी तुला आत्ता माफ करणार नाही. नंतरचं नंतर बघू. आधी फोटो काढ."

मी काढला. स्क्रीन तिच्यापुढं धरली. पहिला तिला पसंत पडला नाही. मान जरा उजवीकडं वळली होती आणि गाल सावलीत गेला होता, तशी सवय आहे तिला, तुझ्या घरातल्या सगळ्या फोटोंत ती तशीच उभी असते. तिचं तिनंच ओळखलं. म्हणाली, "हा पुसून टाक. परत." दुसऱ्या वेळी ती समोर बघून बसली, दोन्ही गालांवर सारखा उजेड. तो बघून मान हलवली.

मी म्हटलं, "तुझ्या बापाला विचारू?"

"फोटो माझा आहे," ती म्हणाली. "नको म्हणाले तर नको म्हणू देत. मला न बघता हो म्हणण्यापेक्षा बघून नको म्हणालेले परवडतील."

मग तिनं कॅमेरा माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "आता तू बस." मी म्हटलं, माझा कशाला. म्हणाली, "पप्पांना पाठवायला. तुझं तोंड बघून त्यांना वाचू दे." मी बसले. केस नीट करायला उठत होते, तर तिनं उठू दिलं नाही.

शुक्रवारी बारामतीहून दोन्ही छापून आणले. ती माझ्याकडंच राहिली होती, घरी फोन तिनंच केला आणि काय बोलली ते मी विचारलं नाही. तिचा एक फोटो वरकुट्याला गेला. पितृपंधरवडा लागला की तू म्हणाला असतास आता थांबा, म्हणून काल पौर्णिमेलाच पाकीट टाकलं. फोटोच्या पाठीमागं तिनं स्वतःच्या अक्षरात नाव, शिक्षण, जन्मतारीख लिहिली आणि खाली एक ओळ, "डाव्या गालावर लहानपणच्या बिब्ब्याची खूण आहे." पोस्टाच्या पेटीत तिनंच टाकलं. परत येताना माझ्याशी बोलत होती, पण माझा हात धरला नाही. महिपतीराव काय म्हणतात ते कळायला अजून आठ दिवस जातील. ते काहीही म्हणोत, पोरगी संध्याकाळच्या गाडीनं गेली तेव्हा खिडकीत डावा गाल बाहेरच्या बाजूला करून बसली होती.

तुला दोन्ही फोटो ह्या पाकिटात आहेत. आधी तिचा बघ.

येत्या अष्टमीला आईचा म्हाळ आहे. वहिनी मला सांगते, की तू दर वर्षी सगळं व्यवस्थित करतोस, गच्चीवर पान नेऊन ठेवतोस, आणि कावळा शिवायची वाट न बघता जिना उतरून खाली येतोस. ह्या वर्षी उतरू नकोस. तिथं उभा राहा. मोठ्यानं बोलायला लाज वाटली तर मनात बोल, पण तिला सांग की तुला कळलंय. आणि इतक्या वर्षांचा राग तिच्यावरून काढल्यावर कुठं ठेवायचा असा प्रश्न पडला, तर तो माझा आहे, मला पाठवून दे. मी घेईन.

स्वप्नालीच्या गालावर बिब्बा घालणारी,
तुझी बहीण,
म्हाळसा